फांदीने स्वतःला छाटू नये: स्वतःशी दयेने वागण्याच्या ख्रिस्ती साधनेची सुरुवात कशी करावी

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात, पण ज्या वस्तीवरून त्या रस्त्याला नाव मिळाले तिच्या नावाचा अर्थ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती त्या वेळच्या गावाबाहेर वसवली, ती ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला पारखे झालेल्यांना आसरा मिळावा म्हणून. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही येथे राहिली आणि शिकली. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. या परिसरातील एका मंडळीत (चर्चमध्ये) मी गेली बरीच वर्षे प्रार्थनागटाचे काम पाहतो, आणि उपासना संपल्यावर मागे थांबून बोलणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतर कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक वेळा ऐकले आहे: "देवाने मला क्षमा केली असेल हो, पण माझे मलाच क्षमा करवत नाही." देवाच्या दारी ज्याला शरण मिळाली त्याला स्वतःच्याच मनात थारा मिळू नये, अशी ही विचित्र अवस्था आहे. ज्यांना ती ओळखीची वाटते आणि ज्यांनी अशी साधना पूर्वी कधी केलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

सुरुवातीआधी: ही साधना कशावर उभी आहे

शेजाऱ्यावर "स्वतःसारखी" प्रीती करावी, ही लेवीय पुस्तकातली (१९:१८) आज्ञा येशूने मोठ्या आज्ञांपैकी दुसरी म्हणून सांगितली (मार्क १२:३१), आणि त्या एका शब्दाचा आधार घेऊन "स्वतःवर प्रेम करा" ही जणू तिसरी आज्ञाच आहे, असे हल्ली अनेक जण शिकवतात. मला हे ओढूनताणून केलेले वाटते. आज्ञा दोनच आहेत. माणूस स्वतःला जपतो हे तिथे गृहीत धरलेले आहे, फर्मावलेले नाही. शिवाय ज्याला स्वतःची घृणा वाटते त्याला "स्वतःवर प्रेम कर" असा हुकूम दिला, तर पाळता न आलेल्या हुकमांच्या यादीत आणखी एकाची भर पडते, एवढेच होते.

याहून भक्कम पाया पौलाच्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य आपण फार भरभर वाचून पुढे जातो. करिंथच्या मंडळीला लिहिताना (१ करिंथ ४:३-४) तो म्हणतो की, तुम्ही किंवा एखाद्या मानवी न्यायासनाने माझा निवाडा करावा याचे मला काहीच वाटत नाही. इतकेच काय, मी स्वतःसुद्धा माझा निवाडा करत नाही, कारण माझा न्याय करणारा प्रभू आहे. पौल येथे स्वतःला निर्दोष म्हणवून घेत नाही. तो फक्त न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठतो, कारण ती खुर्ची त्याची नाही. स्वतःशी दयेने वागणे म्हणजे ख्रिस्ती अर्थाने एवढेच: जी खुर्ची आपल्याला कोणी दिलेली नव्हती, तिच्यावरून उठणे.

मानसशास्त्रातही, विशेषतः क्रिस्टिन नेफ या अमेरिकी संशोधिकेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांपासून, "सेल्फ-कंपॅशन" या नावाने हाच विषय चर्चिला जातो. स्वतःशी ममतेने वागणे, आपली चूक किंवा दुःख साऱ्या मनुष्यजातीच्या वाट्याला येते हे ओळखणे, आणि मनात जे चालले आहे ते न फुगवता व न दडपता पाहणे, अशी त्याची तीन अंगे तेथे सांगतात. ती उपयोगी आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. फरक पडतो तो दया कोठून आणायची या प्रश्नावर. ती आपण आपल्या मनात तयार करायची आहे असे ख्रिस्ती माणूस मानत नाही. ती देवाकडून आधीच आलेली आहे आणि आपण तिच्या आड येणे थांबवायचे आहे.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त ऐकावे

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारण्याचा प्रयत्न करू नये. एक छोटी वही जवळ ठेवावी आणि दिवसभरात आपण मनातल्या मनात स्वतःला जे बोलतो ते शब्दशः लिहून काढावे, तारीख आणि प्रसंगासह. आमच्या गटातील एका भगिनीने परवानगी दिल्यामुळे त्यांच्या वहीतील एक नोंद येथे देतो: "मंगळवार. सकाळी दूध उतू गेले. मी स्वतःला म्हणाले, एक काम धड जमत नाही तुला, जन्मभर अशीच राहणार." शेगडी पुसायला त्यांना दोन मिनिटे लागली असतील, ते वाक्य मात्र, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, दुपारपर्यंत डोक्यात वाजत राहिले. आणि वाक्य लिहून झाल्यावर त्यांना प्रथमच जाणवले की हा आवाज आपला नाही. तो त्यांच्या लहानपणच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा होता, तोच हेल, तोच "जन्मभर".

अशी ओळख पटणे हेच या पायरीचे फळ आहे. अनेकदा ज्याला आपण सद्सद्विवेकाचा किंवा थेट पवित्र आत्म्याचा आवाज समजत असतो, तो कोणा शिक्षकाचा, आत्याबाईंचा किंवा "चार लोक काय म्हणतील" यातल्या त्या चार लोकांचा निघतो. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. त्यांनाही कोणीतरी तसेच बोललेले असते.

दुसरी पायरी: पश्चात्ताप आणि आत्मधिक्कार वेगळे करावेत

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे अधिक थांबतो. स्वतःशी दयेने वागा असे म्हटले की मंडळीतील ज्येष्ठ लगेच विचारतात, "मग पापाचे काय? हे स्वतःचे लाड नव्हेत का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी द्राक्षाच्या बागेत मिळाले.

दिंडोरीच्या बाजूला एका स्नेह्यांची बाग आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी, हे नाशिककरांना सांगायला नको. एका ऑक्टोबरमध्ये मी तेथे गेलो असता पेठकडून आलेला एक मजूर छाटणी करत होता. डाव्या हाताने तो काडी धरी, अंगठ्याने काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, मोजी, मोजलेल्या डोळ्याच्या किंचित पुढे कात्री लावी आणि कट् असा आवाज झाला की पुढच्या काडीकडे वळे. मागे वळून तो पाहत नव्हता. वेलीवर त्याचा राग नव्हता. कापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब जमत होता, पण काडीत पुढच्या घडाची जागा तशीच राखलेली होती. एखाद्याने संतापाच्या भरात तीच कात्री चालवली असती तर ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या मुख्य फांदीपर्यंत, सगळे उघडे पडले असते आणि त्या हंगामात हाती काहीच लागले नसते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो, शिष्यांना फांद्या म्हणतो, आणि फळ देणारी फांदी अधिक फळ देण्यासाठी स्वच्छ करणारा माळी म्हणजे पिता, असे सांगतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कात्री कोणाच्या हातात आहे याकडे त्या दिवशी प्रथमच लक्ष गेले. फांदी स्वतःला छाटत नाही. तिने वेलीत राहायचे असते.

पश्चात्ताप ही माळ्याच्या हातची छाटणी आहे, तर आत्मधिक्कार म्हणजे फांदीने कात्री हिसकावून घेणे. दोन्ही ठिकाणी दुखते, त्यामुळे सुरुवातीला गल्लत होते. ओळखण्यासाठी वहीतील प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: हे वाक्य एखाद्या कृतीविषयी आहे की माझ्या संपूर्ण असण्याविषयी? "मी काल सासूबाईंशी उर्मट बोललो" हे पश्चात्तापाचे वाक्य आहे. "मी माणूसच वाईट" हे धिक्काराचे. दुसरा: यातून पुढचे एखादे काम निघते का? पश्चात्तापातून नेहमी काहीतरी करता येण्याजोगे निघते, म्हणजे माफी मागणे, पैसे परत करणे, फोन उचलणे. धिक्कारातून काहीच निघत नाही, तो फक्त फिरत राहतो. पौलानेही दुःखाचे हेच दोन प्रकार केले आहेत (२ करिंथ ७:१०): देवाला अनुसरून झालेले दुःख तारणाकडे नेते आणि जगाचे दुःख मरणाकडे.

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीजवळ उभे राहून त्याने येशूला नाकारले (योहान १८). पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी येशू शिष्यांना भेटतो तेव्हा तेथेही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे (योहान २१), आणि मूळ ग्रीकमध्ये या विस्तवासाठी असलेला शब्द साऱ्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. म्हणजे पेत्राला त्याच वासात, त्याच धगीशी पुन्हा आणून उभे केले आहे. मात्र विस्तवावर या वेळी मासळी भाजत आहे आणि शेजारी भाकर आहे. "तू असे का केलेस?" हा प्रश्न येशू विचारत नाही. आधी न्याहारी होते, मग तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तिन्ही वेळा त्यापाठोपाठ काम: माझी मेंढरे राख. पेत्राला वाईट वाटले असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. चूक झाकली गेली नाही, पण तिच्यामुळे पेत्राची न्याहारीही चुकली नाही.

येथे तिसऱ्या एका प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो या दोहोंत बसत नाही. माझी आई एका रुग्णालयात अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी पहाटे मी अंघोळीसाठी घरी गेलो आणि तेवढ्या वेळात ती गेली. पुढची कित्येक वर्षे मी त्या अंघोळीला पाप समजत होतो आणि ईस्टरपूर्वीच्या दर उपवासकाळात त्या अंघोळीसाठी क्षमा मागत होतो. शेवटी एका वयस्क पाळकसाहेबांनी मला शांतपणे विचारले, "यात तुम्ही मोडलेली आज्ञा कोणती?" मला सांगता आली नाही. ते पाप नव्हतेच, तो शोक होता, आणि अपराधाचे कपडे घालून वावरत होता. अशा गोष्टींसाठी क्षमा मागत बसू नये, त्यांच्यासाठी रडावे. येशूही लाजराच्या कबरेपाशी रडला.

तिसरी पायरी: शरीराशी सुरुवात करावी

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" असे म्हणतो (१ राजे १९), तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी असते, तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवताना देवदूत म्हणतो की ऊठ, खा, कारण वाट तुला न झेपणारी आहे. देवाशी संभाषण होते ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

म्हणून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून आलेल्या भावाने, किंवा शाळा, घर आणि आजारी सासरे असे तिन्ही सांभाळणाऱ्या बहिणीने, "माझे प्रार्थनेत मन लागत नाही" या कारणाने स्वतःला दोष देण्याआधी आपली झोप मोजावी. किती तास झोपलो आणि शेवटचे जेवण केव्हा झाले, हे दोन प्रश्न आध्यात्मिकच आहेत. उपासाच्या बाबतीतही हेच. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावताना तू माती आहेस हे आपल्याला सांगितले जाते आणि आपण ते धमकीसारखे ऐकतो. पण १०३ व्या स्तोत्रात तीच गोष्ट देवाच्या बाजूने सांगितली आहे, की बाप मुलांवर करतो तशी तो दया करतो, कारण आम्ही माती आहो याची त्याला आठवण आहे. मधुमेह असलेल्या, गरोदर किंवा औषधे चालू असलेल्या व्यक्तीने उपास करू नये आणि न केल्याची रुखरुखही बाळगू नये. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नाशियस याने तरुणपणी अतिरेकी उपासतापास करून आपली प्रकृती कायमची बिघडवून घेतली होती आणि पुढे तो इतरांना त्यापासून आवर्जून परावृत्त करत असे.

चौथी पायरी: जिवाशी बोलायला शिकावे

येथपर्यंत ऐकणे आणि निवडणे झाले. आता उत्तर द्यायचे. त्यासाठी नमुना ४२ व्या स्तोत्रात आहे. स्तोत्रकर्ता स्वतःलाच हाक मारतो: "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हे ध्रुपद त्या स्तोत्रात दोनदा आणि पुढच्या ४३ व्या स्तोत्रात एकदा येते, म्हणजे एकदा विचारून त्याचेही भागलेले नाही. आपल्या भाषेची यात मोठी मदत होते. मराठीत "जिवा" ही हाकच लाडाची आहे. आपण "जिवाला जप" म्हणतो, "जिवाभावाचा" म्हणतो. त्या शब्दापाठोपाठ "मूर्ख" किंवा "नालायक" हे शब्द जिभेवर येतच नाहीत, हे प्रत्यक्ष करून पाहावे.

कृती सोपी आहे. धिक्काराचे वाक्य मनात उमटले की जेथे असू तेथे, सीबीएसवर बसची वाट पाहताना असो की द्वारका चौकाच्या कोंडीत, एक श्वास घेऊन मनात "माझ्या जिवा" अशी हाक मारावी आणि मग काय झाले ते साध्या शब्दांत सांगावे: "माझ्या जिवा, आज कामावर चूक झाली आणि तुला लाज वाटते आहे. उद्या जाऊन ती दुरुस्त करू. देवाची आशा धर." खोटी स्तुती करू नये. "तू तर फारच छान आहेस" असे सांगितल्यास जीव ते मानत नाही, आणि त्याचे बरोबरच असते. प्रारंभी हे नाटकी वाटेल, पुरुषांना जरा अधिकच. ज्यांना स्वतःशी असे बोलणे अगदीच जमत नाही त्यांनी देवाच्या बाजूने ऐकावे: यशया ६६:१३ मध्ये, आई जशी समाधान करते तसे मी तुमचे समाधान करीन, असे तो म्हणतो. नारायण वामन टिळकांनी वारकऱ्यांच्या वळणाने ख्रिस्ताला गुरू आणि माउली अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली, ती उगीच नव्हे.

पाचवी पायरी: रात्रीची दहा मिनिटे

झोपण्यापूर्वी दिवसाचे परीक्षण करण्याची इग्नाशियसने घालून दिलेली पद्धत कॅथलिक वाचकांना परिचित असेल. इतरांनीही ती बिनदिक्कत घ्यावी. तिचा क्रम बदलू नये, एवढेच सांगणे आहे. आधी दिवसातील दोन-तीन गोष्टींसाठी आभार मानावेत, मग प्रकाश मागावा, मग दिवस सकाळपासून डोळ्यांपुढून जाऊ द्यावा, मग एका चुकीची क्षमा मागावी आणि शेवटी उद्यासाठी मदत मागावी. आभार वगळून थेट चुकांवर आल्यास परीक्षणाचा खटला होतो. चूक एकच घ्यावी. दहा मिनिटांच्या वर बसू नये.

जिनिव्हाचा बिशप फ्रान्सिस द सेल्स (१५६७-१६२२) याने भक्तिमार्गावरील आपल्या ग्रंथात स्वतःच्या दोषांवर चिडण्याविरुद्ध एक प्रकरणच लिहिले आहे. त्याचे निरीक्षण मार्मिक आहे: आपण रागावलो याचा राग येणे आणि त्रासलो याचा त्रास करून घेणे, यामुळे मूळ दोष जात नाही, त्याला सोबत मिळते, आणि अशा चिडीच्या मुळाशी बहुधा अहंकार असतो, आपण आणि चुकावे हे आपल्याला सहनच होत नाही.

एकट्याने करू नये

वही आणि प्रार्थना यांच्या बळावर काही जण चांगले पुढे जातात, पण बहुतेकांना दुसऱ्या माणसाच्या आवाजात क्षमा ऐकण्याची गरज असते. कॅथलिक बंधुभगिनींना पापनिवेदनाचा संस्कार आहे. इतर मंडळींत पाळकांशी किंवा विश्वासू सहविश्वासीयाशी बोलावे, कारण एकमेकांजवळ पातके कबूल करा असे याकोबही सांगतो (५:१६). मात्र क्षमा झालेले तेच पाप दर आठवड्याला पुन्हा कबूल करण्याची ओढ होत असेल, तर एकच मार्गदर्शक निवडावा आणि त्याचे ऐकावे. इग्नाशियसलाही १५२२ मध्ये मान्रेसा येथे याच छळाने जीव नकोसा झाला होता, आणि जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचे ठरवल्यावरच त्याची सुटका झाली.

झोप उडणे, जेवण तुटणे, जगणे निरर्थक वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नये आणि डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार येत असेल तर या लेखातील कोणतीही पायरी करत बसू नये. त्याच क्षणी जवळच्या माणसाला हाक मारावी आणि हा क्रमांक लावावा.

किती दिवस, आणि खंड पडल्यास काय

पहिले चाळीस दिवस पुरेसे आहेत. उपवासकाळाची किंवा नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेची वाट पाहण्याची गरज नाही. तिसऱ्या आठवड्यात वही बहुधा सुटते: पाहुणे येतात, परीक्षा असतात, मूल आजारी पडते. मग आठ-दहा दिवसांनी ती उशीखाली सापडते आणि पहिले वाक्य मनात येते ते "हेही जमले नाही" असे. ते वाक्य, तसेच्या तसे, त्या दिवसाची पहिली नोंद म्हणून लिहून काढावे. मधली कोरी पाने भरत बसू नये. पुढच्या पानावर आजची तारीख घालावी.